चर्चसाठी वस्त्रं डिझाइन करायची आहेत (चॅझुबल, स्टोल, वेदीचं कापड), कशी सुरुवात करू?

ओवी_टाका

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलीय पण सगळं एकदाच लिहून टाकते.

आमच्या चर्चचं आतून काम झालं, भिंती, दिवे, वेदी सगळं नवं, आणि आता जुनी वस्त्रं त्यात फारच विटलेली दिसायला लागलीत. कमिटीने ठरवलं की तयार सेट विकत आणायचा नाही, आपल्या चर्चसाठी म्हणून वेगळं डिझाइन करून घ्यायचं, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी १५ वर्षं भरतकाम करतेय, जरीचंही केलंय, पण उपासनेची वस्त्रं कधी माझ्या हातून झाली नाहीत. आनंद आहेच, पण पोटात गोळाही आलाय.

करायचं ते असं: पांढरा, लाल, हिरवा आणि जांभळा या चार रंगांत प्रत्येकी एक चॅझुबल, म्हणजे फादर मिस्साला सगळ्यात वरून घालतात तो बिनबाह्यांचा मोठा झगा, त्याच्या जोडीचा स्टोल, म्हणजे गळ्यातून पुढे सोडायची लांब पट्टी, आणि वेदीला पुढून सोडायचं कापड.

चॅझुबलच्या पुढच्या भागाचं चित्र मी काढून ठेवलंय. खाली चषक, त्यातून वर चढत जाणारी द्राक्षवेल, दोन्ही बाजूंना गव्हाच्या लोंब्या, छातीवर कबुतर आणि त्याच्याभोवती किरण. तीन महिने लागले, एकेका पानाच्या शिरासुद्धा काढल्यात. आता कापड कोणतं घेऊ, सिल्क की सॅटिन, जरी किती वापरू आणि एवढं भरतकाम पेलायला अस्तर कसलं लावू हे कळत नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

सुईदोरा

ओवी, आधी मनापासून अभिनंदन, असं काम रोज चालून येत नाही.

मी २२ वर्षं हेच करतेय म्हणून सरळ सांगते, तू उलट्या टोकाकडून निघालीयस. चित्र आधी काढलंस आणि कापड मग शोधतेयस. भिंतीवर लावायच्या फ्रेमला ते चालतं. चॅझुबल अंगावर असतं, फादर चालतात, वाकतात, हात पसरतात, आणि प्रत्येक वेळी कापड वेगळं पडतं. त्यामुळे आधी कापडाचा फॉल बघायचा, मग त्यावर रेषा कुठे टिकेल ते बघायचं आणि चित्र सगळ्यात शेवटी.

एक काम कर. घरातली जुनी डबलबेडची चादर घे, चॅझुबलच्या मापाने काप, रुंदी एका मनगटापासून दुसऱ्या मनगटापर्यंत, साधारण दीड मीटर धर, आणि तुझं चित्र मार्करने मोठं करून त्यावर उतरव. फादरना ती घालून वेदीपाशी उभं राहायला सांग, हात पसरायला सांग, आणि तू शेवटच्या बाकावर जाऊन बस. जवळून बघू नकोस. मग इथे येऊन लिही.

वेदीची उंची पण मोज. साधारण मीटरभर असते. वेदीमागे उभं राहिल्यावर त्याच्या खालचं सगळं झाकलं जातं.

जुना_पोत

सुईदोराताईंना अनुमोदन. थोडा इतिहास सांगतो, कामाचा आहे म्हणून.

चॅझुबल हा शब्द लॅटिन कासुला वरून आलाय, अर्थ छोटं घर. मूळ रोमन लोकांचा बाहेर जाताना घालायचा साधा झगा, गोल, मध्ये डोकं घालायला भोक, अंगाभोवती तंबूसारखा. हात वर करायचे तर बाजूचं सगळं कापड मनगटांवर गोळा व्हायचं. पुढे कापडं जड होत गेली, ब्रोकेड आलं, जरीचं काम आलं, तशी बाजू कापत कापत इतकी कमी केली की शेवटी पुढे एक ताठ फळी आणि मागे एक ताठ फळी असा व्हायोलिनसारखा आकार उरला. म्हणजे सजावट वाढली आणि कापडाचं हलणंच गेलं.

अजून एक. पूर्वी फादर बहुतेक ठिकाणी लोकांकडे पाठ करून मिस्सा करायचे, म्हणून जुन्या चॅझुबलांवर सगळ्यात भारी काम पाठीवर सापडतं. १९६० च्या दशकातल्या बदलांनंतर ते लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले आणि डिझाइन करणाऱ्यांनी सजावट पुढे आणली, पण नेमकी पुढे वेदी आडवी येते याचा विचार बरेच जण करत नाहीत.

वेदीसेवक

बाळ ओवी, मी आमच्या चर्चमध्ये वस्त्रं सांभाळतो, धुतो, इस्त्री करतो, त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की तुझ्या यादीत पांढरी कापडं नाहीतच. वेदीवर पुढून रंगीत कापड सोडलंस तरी रोमन पद्धतीत वरती निदान एक पांढरं कापड लागतंच. शिवाय कॉर्पोरल, चषकाखाली अंथरायचा चौकोनी तुकडा, आणि प्युरिफिकेटर म्हणजे चषक पुसायचा. सगळे नवीन लोक झग्याच्या मागे लागतात आणि ही कापडं शेवटी कुठल्यातरी उरलेल्या पॉलिस्टरमधून निघतात. पॉलिस्टर पाणी शोषत नाही गं, चषक पुसला की ओल नुसती पसरते. लिननच घे, नाहीतर चांगलं सुती, आणि कापण्याआधी धू, लिनन पहिल्या धुण्यात बरंच आटतं.

कॉर्पोरलवर क्रूस भरायचा तर मधोमध नको, पुढच्या कडेजवळ, छोटा, सपाट टाक्याचा. मध्ये उठावदार टाका आला की चषक डुगडुगतो. घडी तीन बाय तीन, नऊ चौकोन, आणि आतल्या बाजूला, कारण त्यात ओस्तीचे, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीचे कण असू शकतात, ते सांडायचे नाहीत. मी पहिलं पाणी कधी गटारात सोडत नाही, ते मातीत जातं. कॉर्पोरलला कांजी चालते, प्युरिफिकेटरला बिलकुल नको, तो मऊच हवा.

ओवी_टाका

ताई, काल मिस्सा संपल्यावर चादरीचं करून बघितलं. फादर लगेच तयार झाले, वेदीपाशी जाऊन उभे राहिले, मी शेवटच्या बाकावर.

चषक गायब. पूर्णच, वेदीच्या कडेखाली. वेल कमरेपासून वर दिसत होती पण कसली ते काही कळेना. मग फादरनी हात पसरले तशा गव्हाच्या लोंब्या दोन्हीकडे चुण्यांत गेल्या आणि कबुतर मधोमध दुमडलं, एकच पंख शिल्लक. माझ्या शेजारी एक सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती, तिला विचारलं छातीवर काय दिसतंय. ती म्हणाली, पान.

घरी येऊन चित्र गुंडाळून कपाटावर ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. तीन महिने गेले होते ना त्यात. पण एक सांगते, फादर वळून परत निघाले तेव्हा त्या चादरीला पाठीवर, खांद्यापासून थेट खालपर्यंत तीन लांब चुण्या पडल्या, आणि बाजूच्या खिडकीतला उजेड त्यांच्या कडांवर आला. मी चित्र विसरून त्याच बघत राहिले. धुऊन धुऊन मऊ झालेली साधी सुती चादर होती ती.

सुईदोरा

हेच तुला दिसावं म्हणून तुला शेवटच्या बाकावर पाठवलं. त्या तीन चुण्या हे तुझं पहिलं डिझाइन आहे असं समज.

आता कापड. सॅटिन नको, दिव्याखाली चकाकतं आणि प्रत्येक सुरकुती दाखवतं. ड्युपियन सिल्क दिसतं छान पण ताठ असतं, तंबू होतो. फॉलसाठी लोकरीचं क्रेप किंवा लोकर आणि पॉलिस्टर मिश्रण, किंवा मऊ सिल्क. खूप उकाडा असेल तिथे पातळ लोकर किंवा व्हिस्कोस मिश्रण बघ, आणि अस्तर लावायलाच हवं असं नाही. अस्तर लावलंस तर खाली कडेला सुटं ठेव, दोन कापडं वेगवेगळी आटतात, बांधून टाकलीस की कड ओढली जाते.

दुकानात एक मीटर कापड हातात घेऊन बघणं पुरत नाही. खांद्यावर टाक, आरशात बघ, मग हात वर कर.

आणि हे कृपा करून विसरू नकोस, अर्धगोलाकार कटिंगमध्ये पुढचा-मागचा मधला भाग सरळ धाग्यात येतो पण बाजू उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात येतात. उरेब भाग वजनाने खाली ओघळतो. शिवून झालं की दोन दिवस टांगून ठेव, मग कड सारखी कर आणि त्यानंतरच दुमड घाल. घाई केलीस तर महिन्याभरात दोन्ही बाजूंना शेपट्या लोंबतील.

रंगरेषा

मी ग्राफिक डिझाइनर आहे, वस्त्रांचा अनुभव नाही पण लांबून वाचता येणाऱ्या आकारांचा आहे. चित्र काढूच नका हे मला पटत नाही. बारीक चित्र काढू नका हे पटतं. फ्रेंच चित्रकार माटिसचं उदाहरण बघा. फ्रान्समधल्या व्हॉन्सच्या चॅपलसाठी त्याने खिडक्या, भिंती आणि चॅझुबलंसुद्धा डिझाइन केली, चॅपलचं अर्पण १९५१ मध्ये झालं, तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. रंगवलेले कागद कात्रीने कापून त्याने चॅझुबलांचे आकार ठरवले. मोठी पानं, क्रूस, मासे, सपाट रंग, एकही शीर नाही. दुमडलं तरी आकार ओळखू येतो कारण त्यात हरवण्यासारखं काही बारीक नाहीच.

तर ओवी, पेन बाजूला ठेवून कात्री घ्या. रंगीत कागद कापा, चादरीवर टाचणीने लावा, मागे जाऊन बघा, सरकवा, परत बघा. आणि वेळ वाचवायचा तर ते आकार कापडावर डिजिटल प्रिंट का नाही करत?

सुईदोरा

रंगरेषा, कात्रीचं एकदम बरोबर, मीही कागदानेच करते. प्रिंटला मात्र माझा विरोध आहे. प्रिंट बहुतेक वेळा कापडाच्या एकाच बाजूला बसतं, फादरनी हात वर केले की बाजूची कड उलटते आणि आतला फिका रंग बाहेर दिसतो. आकार कापडाचाच कापून वर शिवला, म्हणजे ॲप्लिक केलं, तर पोत बदलतो, उजेड वेगळा पडतो, आणि ते बिनरंगाचंसुद्धा दिसतं. पांढऱ्यावर पांढरं ॲप्लिक कधी करून बघा, लांबून काय सुंदर दिसतं.

पण ॲप्लिकच्या मागे चिकटवायचं इंटरलायनिंग, म्हणजे ताठपणासाठी आतून लावायचं कापड, वापरू नका. मी सुरुवातीला वापरलं होतं, एका मोठ्या सणाचा पांढरा सेट होता, वर्षभरात वाफेच्या इस्त्रीने गोंद सुटला आणि क्रूसावर फोड आल्यासारखे बुडबुडे आले. पूर्ण उसवून परत केला. त्याच सेटवर लाल ज्वाळांचं कापड आधी न धुता लावलेलं, त्याचा रंग पांढऱ्यात उतरला, गुलाबी कड आली ती आलीच. तो स्टोल मी अजून जपून ठेवलाय, शिकायला येणाऱ्या मुलींना दाखवते.

निळी_पट्टी

मी पाळक आहे, आमच्याकडे चॅझुबल नाही, पांढऱ्या झग्यावर स्टोल, आणि पुलपिटवर (प्रवचनाच्या व्यासपीठावर) व वाचनाच्या स्टँडवर त्याच रंगाची कापडं. घालणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, माइक. कॉलरचा माइक नेमका छातीवर येतो. तिथे जरी असेल किंवा करकरणारं सिल्क असेल तर प्रत्येक श्वासाला खरखर स्पीकरमधून येते. छातीवरचा हातभर भाग मऊ आणि साधा ठेवा.

दुसरी, मान. स्टोल म्हणजे एक सरळ लांब पट्टी असं समजून शिवलेले स्टोल मानेवर उभे राहतात, टोचतात, आणि प्रभूभोजनाच्या वेळी वाकलं की एका बाजूने घसरतात. दोन भाग कापून मानेमागे कोनात जोडले की तो खांद्यावर सपाट बसतो. आतून एक सुटं सुती पांढरं कापड टाचून घ्या, घाम तेच घेतं, काढून धुता येतं.

आणि रंगाबद्दल, आमच्यासारख्या बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्ये आगमनकाळाला, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, निळा वापरतात. तुमच्याकडे जांभळाच असणार.

ओवी_टाका

हो पाळकसाहेब, आमच्याकडे आगमनकाळाला आणि उपवासकाळाला (ईस्टरआधीच्या) दोन्हीला जांभळा. फादर म्हणाले जमलं तर दोन छटा कर, आगमनकाळाला निळसर झुकणारा आणि उपवासकाळाला लालसर. स्टोल आमच्याकडे चॅझुबलच्या आतून घालतात म्हणजे फक्त टोकं दिसणार ना? मग मी छातीवर भरत होते ते वायाच जाणार होतं.

सुईदोरा

बरोबर, टोकांवरच काम कर. आणि मानेमागे मधोमध छोटा क्रूस, घालण्याआधी फादर तिथे ओठ टेकवतात. तिथे जरी नको, साधा रेशमी दोरा, सपाट टाका.

जुना_पोत

रंगांचं थोडं. पोप तिसरे इनोसंट, जे ११९८ मध्ये पोप झाले, त्यांनी त्याआधी लिहिलेल्या ग्रंथात रोममधल्या वापराचे चार मुख्य रंग सांगितलेत, पांढरा, लाल, हिरवा आणि काळा. जांभळा तिथे काळ्याच्या जोडीला येतो. गुड फ्रायडेला पूर्वी काळा असायचा, १९६९ नंतरच्या सुधारणेत तो लाल झाला. म्हणजे ओवी, तुझ्या लाल चॅझुबलवर नुसत्या ज्वाळा काढल्यास तर पेन्टेकोस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला, शोभतील पण गुड फ्रायडेला आणि हुतात्म्यांच्या सणांना परक्या वाटतील. तिन्ही दिवसांना चालेल असं काहीतरी शोध.

आणि जरीबद्दल. तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडमधलं चर्चचं भरतकाम सगळ्या युरोपात नावाजलेलं होतं, ओपुस अँग्लिकानुम म्हणायचे, १२९५ च्या व्हॅटिकनच्या यादीत त्याचा उल्लेख शंभरहून जास्त वेळा आहे. त्यात सोन्याचा धागा कापडावर ठेवून दुसऱ्या दोऱ्याने बांधायचे, पण बांधणारा टाका वरून दिसू द्यायचे नाहीत, तो मागून ओढून सोन्याच्या धाग्याचं बारीकसं वेटोळं कापडाच्या आत न्यायचे. त्यामुळे प्रत्येक टाका बिजागरीसारखा वाकायचा आणि सोन्याने भरलेला झगासुद्धा अंगावर पडायचा, ताठ व्हायचा नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सायन कोप म्हणून चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा कोप, म्हणजे पुढून उघडा झगा आहे, त्यात ही पद्धत आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनासुद्धा आधी फॉलचीच काळजी होती बघ.

ओवी_टाका

हे वाचून मी एक तुकडा करून बघितला. लिननवर, बोटभर लांबीचा. वरून बांधलेली जरी वाकवली की पत्र्यासारखी कुरकुरते. मागून ओढलेली खरंच वळते, बोटाभोवती गुंडाळली गेली. पण बोटभर कामाला अख्खी संध्याकाळ लागली, त्यामुळे चार चॅझुबलांना शक्य नाही, स्टोलच्या टोकावरच्या क्रूसापुरती करेन.

वेदीसेवक

खरी चांदीची जरी असेल तर रबर आणि लोकरीपासून लांब ठेव, काळी पडते. आणि रबरबँड लावून वस्त्रं गुंडाळणारे लोक मी पाहिलेत, तो डाग जात नाही. जरीवर घडी पडली की धागा तिथेच मोडतो. इंग्लंडमधल्या जुन्या कॅथेड्रलांत कोप ठेवायला अर्धगोल पेट्या आहेत, कोप पूर्ण उघडला की अर्धगोलच असतो, मोडायचा नाही म्हणून पेटीच त्या आकाराची. आपल्याकडे जागा नसेल तर रुंद, कापूस गुंडाळलेला हँगर तरी कर, आणि वर सुती कव्हर, प्लास्टिक नको.

रंगरेषा

एक राहिलं. जांभळा चर्चमधल्या दिव्याखाली बघितलात का?

ओवी_टाका

दादा, बरं झालं विचारलंत. आज तीन जांभळे तुकडे घेऊन गेले होते. दुकानात जो सगळ्यात आवडला होता तो आमच्या नव्या पिवळट एलईडीखाली सरळ तपकिरी दिसतोय. दुसरा, ज्याला मी फार निळा म्हणून बाजूला ठेवला होता, तो तिथे अगदी खरा जांभळा दिसतो. सकाळी खिडकीच्या उजेडात परत बघितला, तेव्हाही चांगला. लालसर छटा अजून सापडली नाही.

आता ठरलंय ते लिहिते. पहिलं हिरवं करणार. सामान्य काळ, म्हणजे मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेला, वर्षात ३३-३४ आठवडे असतो, म्हणजे हेच सगळ्यात जास्त वापरलं जाणार, धुतलं जाणार, झिजणार, आणि लोक सगळ्यात जास्त वेळ हेच बघणार. लोकर मिश्रणाचं क्रेप, बिनअस्तराचं. चित्र नाही. द्राक्षवेलीतली एकच गोष्ट ठेवली, वेलीचं वळण. मानेपासून डाव्या खांद्यावरून पाठीवर जाणारी एक रुंद पट्टी, त्याच हिरव्याची पण गडद छटेची, ॲप्लिक केलेली. पुढे छातीवर काही नाही. कागदाची पट्टी टाचून फादरना चालायला लावलं, शेवटच्या बाकावरून ती दिसते, हात पसरले तरी तुटत नाही, आणि ते वळतात तेव्हा नजर तिच्यामागून पाठीवर जाते. वेदीच्या कापडावर तीच पट्टी खालून वर येते, म्हणजे फादर मागे उभे राहिले की एकच रेघ वेदीवरून त्यांच्या खांद्यावर चढल्यासारखी दिसते. हे मी ठरवून केलं नव्हतं, दोन कागद एकाच वेळी लावल्यावर दिसलं आणि अंगावर काटा आला.

काका, लिननसुद्धा आणलं. दोनदा धुतलं, मीटरमागे चार बोटं आटलं.

सुईदोरा

ओवी, त्या वेलीच्या वळणावर देवाचा हात आहे असं मी म्हणेन. पट्टीची वरची कड उरेबच काप, नाहीतर खांद्यावर वळताना चुणी पडेल. आणि टांगायला विसरू नकोस.

ओवी_टाका

उरेबच कापलीय ताई. काल रात्री शिवून दाराच्या चौकटीला टांगलंय. आत्ता उठल्यावर बघितलं, डावी बाजू दोन बोटं खाली आलीय, उजवी बोटभर. उद्या संध्याकाळपर्यंत हात लावणार नाही.